कुटुंबाची पायरी, बाईची पायरी

(ठाण्यातील एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, रस्त्यावरच्या अपघातात एखाद्या गृहिणीचा मृत्यू झाला, तर तिच्या माणसांना भरपाई किती द्यायची? मोटार वाहन कायद्याला १९९४ मध्ये जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीने या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत दिले होते : न कमावणाऱ्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरावे. आता हिशोब मांडून पाहू. घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलात राहणाऱ्या बँक अधिकाऱ्याची पत्नी आणि वागळे इस्टेटच्या मागे लोकमान्य नगरात राहणाऱ्या रिक्षाचालकाची पत्नी, दोघीही पहाटे उठतात, डबे करतात, मुलांचे आवरतात, सासूच्या औषधांच्या वेळा सांभाळतात. दुसरीला त्यात पाणी भरायचे काम जास्तीचे असते आणि पहिलीकडे बहुधा धुण्याभांड्याला बाई असते. तरीही या गणितात पहिलीच्या कष्टांची किंमत दुसरीच्या कष्टांच्या कितीतरी पट भरते, कारण तिथे मोजला जातो तो नवऱ्याचा पगार. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अरुणकुमार अग्रवाल यांच्या खटल्यात या पद्धतीवर नेमके बोट ठेवले आणि २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर अनुत्पादक गटात बसवले गेले होते, याबद्दलही नाराजी नोंदवली.

हा विषय विम्याच्या वकिलांचा आहे, असे कुणाला वाटेल. पण समाजशास्त्रात सामाजिक स्तरीकरण म्हणून जे शिकवले जाते, त्याचे दुखणे याच जागी आहे. समाजात माणसे वरखाली कशी लागतात, कुणाच्या वाट्याला संपत्ती, मान आणि सत्ता येते, ही विभागणी पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकते, हा त्या शाखेचा प्रश्न. मार्क्सने उत्पादनाच्या साधनांची मालकी पाहिली. वेबरने वर्गाच्या जोडीला प्रतिष्ठा आणि राजकीय सत्ता या वेगळ्या अंगांनी पाहिले. दोघांचे मतभेद मोठे आहेत आणि परीक्षेत त्यांवर पानेच्या पाने लिहिली जातात. मात्र त्यांच्या मागून आलेल्या बहुतेक अभ्यासकांनी प्रत्यक्ष मोजणीला बसताना एक गोष्ट न बोलता गृहीत धरली : कुटुंब हे एकक, आणि कुटुंबाचा वर्ग म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाचा वर्ग.

या गृहीतकाला पहिला मोठा धक्का जोन अ‍ॅकर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ मध्ये दिला. त्यांचे प्रश्न साधे होते. ज्या बाईला नवरा नाही तिचा वर्ग कोणता? जी स्वतः कमावते तिचा वर्ग तिच्या कामावरून का ठरू नये? आणि नवरा-बायकोची पायरी खरोखर एकच असेल, तर घटस्फोटानंतर दोघांपैकी एकच जण खाली का घसरतो? त्यावर ब्रिटनमधील जॉन गोल्डथॉर्प यांनी १९८३ मध्ये जुन्या पद्धतीची उघड बाजू घेतली. त्यांचा युक्तिवाद असा की, विवाहित स्त्रिया नोकरी सोडतात, पुन्हा धरतात, अर्धवेळ काम करतात. कुटुंबाचे नशीब शेवटी पुरुषाच्या नोकरीवरच उभे असते. तेव्हा तेच मोजणे शास्त्रशुद्ध. गोल्डथॉर्प यांचे म्हणणे हेटाळणीने उडवून लावण्यासारखे नाही. स्त्रियांचे परावलंबन त्यांनी अचूक पाहिले होते. फक्त जे परावलंबन समजावून सांगायला हवे होते, तेच त्यांनी मोजणीचा पाया म्हणून वापरले. विषमतेमुळे बाईचे उत्पन्न तुटपुंजे, आणि उत्पन्न तुटपुंजे म्हणून ते मोजायचे नाही. अशा मोजणीतून विषमता दिसणार तरी कशी?

स्त्रीवादाच्या शाखांची नावे आपण ऐकलेली असतील. उदारमतवादी स्त्रीवाद कायदा आणि संधीची समानता मागतो, मार्क्सवादी स्त्रीवाद घरकामाला भांडवलशाहीचा फुकटचा आधार मानतो, जहाल स्त्रीवाद पुरुषसत्तेला स्वतंत्र व्यवस्था समजतो. पाठ्यपुस्तकांत या शाखांचे सुबक रकाने केलेले असतात आणि विद्यार्थी ते पाठ करतात. मी स्वतः वर्गात ते फळ्यावर लिहिते. आज त्यात रेंगाळत नाही. या सगळ्यांना जोडणारी गोष्ट एवढीच की, घराचे दार बंद करून आतली वाटणी 'खासगी' ठरवायला त्यांनी नकार दिला.

आपल्याकडे हे दार फार आधी उघडले गेले होते, आणि ते जातीच्या बाजूने. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मे १९१६ मध्ये एका चर्चासत्रात पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात म्हणजे बंदिस्त केलेला वर्ग, असे त्यांनी म्हटले आणि तो बंदिस्त कसा राहतो याचे उत्तर शोधताना ते थेट विवाहापाशी आले. जातीतच लग्न करायचे असेल, तर गटात लग्नाच्या वयाचे पुरुष आणि स्त्रिया यांची संख्या जुळती राहायला हवी. नवरा मेला की बाई 'जास्तीची' होते. तिला मोकळी सोडली तर ती जातीबाहेर लग्न करील किंवा जातीतल्या एखाद्या उपवर मुलीच्या वाट्याचा वर घेईल. म्हणून एक तर तिला नवऱ्याबरोबर जाळायचे, नाहीतर जन्मभर विधवा ठेवायचे. बायको मेली तर पुरुषही तसाच जास्तीचा होतो. पण त्याला जाळणे गटाला परवडत नाही आणि त्याच्यावर संन्यास लादून तो पाळला जाईल याची खात्री नाही. तेव्हा अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींमधून त्याच्यासाठी बायको काढायची, म्हणजे बालविवाह. सती, वैधव्य आणि बालविवाह या तीन 'चालीरीती' एरवी समाजसुधारणेच्या प्रकरणात येतात. या निबंधात त्या जातिव्यवस्था चालू ठेवणारी यंत्रणा म्हणून समोर येतात. स्तरीकरणाच्या सिद्धांतात स्त्रीला इतक्या मध्यभागी ठेवणारी मांडणी त्या काळात युरोप-अमेरिकेतही विरळा होती, आणि तरी समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात ती कित्येक वर्षे 'जात' या प्रकरणातच अडकून पडली. 'लिंगभाव' या प्रकरणापर्यंत पोहोचायला तिला फार उशीर झाला. इतिहासकार उमा चक्रवर्ती यांनी १९९३ मध्ये ब्राह्मणी पितृसत्तेची संकल्पना मांडून जातीची शुद्धता, जमिनीचा वारसा आणि स्त्रीच्या लैंगिकतेवरचा पहारा यांची सांगड प्राचीन भारताच्या संदर्भात घातली. आजही मुलीने जातीबाहेर लग्न केले की जेवढा संताप उसळतो, तेवढा मुलाने केल्यावर उसळत नाही. याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

आता मोजणीचा आणि जातीचा अशा या दोन धाग्यांना एकत्र गुंफून मी माझे म्हणणे मांडते. कुटुंब जिना चढते तेव्हा त्यातली बाई त्याच्याबरोबर चढतेच असे नाही. कित्येकदा कुटुंब एक पायरी वर जाते ते बाईने एक पायरी खाली उतरल्यामुळे. आणि आपण कुटुंब मोजतो म्हणून ही उतरण कुठल्याच तक्त्यात येत नाही.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरणाची प्रक्रिया सांगितली तेव्हाच हे नोंदवले होते की, एखादी जात वरच्या जातींचे आचार उचलू लागली की तिच्यातल्या स्त्रियांवरची बंधने कडक होतात. शेतात जाणारी बाई घरात बसू लागते, विधवेच्या पुनर्विवाहाला नाके मुरडली जातात, हुंडा सुरू होतो. 'आमच्या घरच्या बाया कामाला जात नाहीत' हे वाक्य तुम्ही-आम्ही सगळ्यांनी ऐकलेले आहे. ते अभिमानाने म्हटले जाते आणि कुटुंबाच्या दृष्टीने तो अभिमान खराही असतो, कारण उन्हातान्हात राबण्यापासून झालेली ती सुटका असते. बाईच्या हातात मात्र आठवड्याच्या बाजारातून येणारे चार पैसे येईनासे होतात.

याचे नवी मुंबईइतके जवळचे उदाहरण नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. आगरी आणि कोळी समाजाची ही गावे. भाताची खाचरे, मिठागरे आणि खाडी यांवर तिथले जगणे उभे होते. या जगण्यात बायकांचा वाटा किती होता? लावणी आणि बेणणी बहुतांशी बायकांची. मिठागरातून डोक्यावर पाट्या वाहून नेण्यात बायका. खाडीच्या चिखलात उतरून कालवे, तिसऱ्या, चिंबोऱ्या काढणाऱ्या बायका, आणि मासळी पाटीत घालून बाजार गाठणाऱ्या, भाव ठरवणाऱ्या, पैसे कनवटीला लावणाऱ्याही बायकाच. दिवाळे, सारसोळे, करावे किंवा इकडे ठाण्यातला चेंदणी कोळीवाडा, कुठेही गेलात तरी जुन्या पिढीतली कोळीण पैशाच्या व्यवहारात कुणाला ऐकणारी नव्हती.

भूसंपादन झाले तेव्हा भरपाई कुणाला मिळाली? ज्याचे नाव सातबाऱ्यावर होते त्याला. कायद्याने तेच होणार होते. लावणीचा सातबारा नसतो; चिंबोऱ्या काढण्याचा तर नसतोच. भरपाई तुटपुंजी होती म्हणून भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, आणि त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. त्या मोर्चांत बायका मागे नव्हत्या. पण भूखंडाच्या वाटपात पुन्हा खातेदार आणि त्याचे वारस आले. बाजारभावाने त्या भूखंडांची किंमत वाढली, घरे उभी राहिली, भाडी सुरू झाली, दारात गाड्या आल्या. आर्थिक पाहणीत ही कुटुंबे वर सरकलेली दिसतील आणि ते चुकीचे नाही. त्याच घरातल्या ज्या बाईचे स्वतःचे उत्पन्न खाडीबरोबर बुजले, तिला साडीसाठी पैसे मागावे लागू लागले, हे मात्र दिसणार नाही, कारण ते विचारलेलेच नसते. त्या बायकांना परत चिखलात पाठवा, असे माझे म्हणणे नाही. नुकसान दोघांचे झाले आणि भरपाई एकाला मिळाली, एवढेच मला नोंदवायचे आहे.

त्यात बहिणींचा प्रश्न मिसळला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने सहदायाद, म्हणजे वाटेकरी केले. केंद्राने २००५ मध्ये सर्व मुलींना तो हक्क दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले की हा हक्क जन्माने मिळतो, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. कायदा असा पायरी-पायरीने पुढे सरकत गेला. व्यवहारात त्याला भेटले हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा कागद. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर बहिणींना घेऊन आलेले भाऊ कोणत्याही दिवशी दिसतील. बहिणी सही करतात, कारण हिस्सा मागितला तर माहेर तुटते, आणि सासरी काही बिनसले तर परतायला तेच एक दार असते. याला कुणी प्रेम म्हणतात, कुणी दडपण म्हणतात. अनेक घरांत ते दोन्ही असते. पण लाखमोलाचा भूखंड आणि भाऊबीजेची ओवाळणी यांच्या या देवघेवीला 'स्वखुशी' म्हणताना कागदपत्र लिहिणाऱ्याचाही हात जरा अडखळायला हवा.

गिरणगावाची कहाणी थोडक्यात सांगते, कारण या सभागृहातल्या अनेकांची घरे तिथूनच कळव्या-ठाण्याकडे आली आहेत. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी रिळिंग आणि वाइंडिंगच्या, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. रात्रपाळीची बंदी, १९२९ चा मुंबईचा प्रसूती लाभ कायदा आणि यंत्रांची फेरमांडणी अशी कारणे एकत्र आली आणि त्यांची संख्या घसरत गेली. त्या कायद्याच्या चर्चेत १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा देताना या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा असे सुचवले होते. तो पूर्णपणे मालकावर राहिला की बाईला कामावर ठेवणेच महाग ठरते, हे आज नव्याने शिकावे लागते आहे. पण माझे लक्ष खानावळवाल्यांकडे आहे. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार ज्यांच्या हातचे जेवले, त्या बायकांनी स्वयंपाकाचे काम पैशांत मोजून दाखवले. कामगार चळवळीच्या लेखी मात्र त्या 'कामगार' नव्हत्या, आणि बँकेच्या लेखी पतही नव्हती. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते या बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. घरात जे काम फुकट, तेच ओसरीवर आले की त्याला महिन्याचा दर लागतो, हे त्या खानावळींनी कोणत्याही ग्रंथाआधी सिद्ध केले होते.

हे फुकटचे काम आता सरकारच मोजते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरील ८१.२ टक्के स्त्रिया दिवसभरात बिनमोल घरकाम करताना आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के. जे करतात त्यांचा रोजचा सरासरी वेळ स्त्रियांसाठी २९९ मिनिटे आणि पुरुषांसाठी ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत बायकांची मिनिटे २८९ वर आली, म्हणजे पाच वर्षांत दहा मिनिटे वाचली. दुसऱ्या बाजूला श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांपर्यंत वाढला. ही वाढ आनंदाची आहे, पण तिचा मोठा भाग ग्रामीण स्वयंरोजगाराचा, आणि त्यातही घरच्याच शेतात वा दुकानात बिनपगारी मदत करणाऱ्या बायकांचा आहे. नवऱ्याच्या दुकानात बसणारी बाई आकडेवारीत कामगार झाली. गल्ल्याची किल्ली कुणाकडे आहे, ते आकडा सांगत नाही.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ सिल्विया वॉल्बी यांनी १९९० मध्ये एक उपयुक्त फरक दाखवला. खासगी पितृसत्ता बाईला घरात कोंडते, आणि सार्वजनिक पितृसत्ता तिला बाहेर येऊ देते पण ठरावीक कोपऱ्यात बसवते. ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कमध्ये मुली काम करतात, हे खरे. आशा कार्यकर्त्या कोविडच्या काळात दारोदार फिरल्या आणि सरकारदरबारी त्या आजही स्वयंसेविकाच आहेत, मानधनावर. हेही तितकेच खरे. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू होते हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल लागला. मुले आणि आजारी माणसे सांभाळणे हा बायकांचा स्वभाव आहे, असे एकदा ठरले की त्याचा पगार देणे म्हणजे जणू अपमान! सोसायट्यांच्या व्यवस्थापन समितीत बायकांसाठी दोन जागा राखीव आहेत. पुनर्विकासाची बोलणी चालतात तेव्हा त्या दोघी कोणत्या खोलीत असतात, याची चौकशी आपापल्या सोसायटीत जरूर करा. हळदीकुंकू आणि गणपतीचा प्रसाद ही खाती त्यांच्याकडे बिनविरोध असतात.

इथवर मी 'बाई' हा शब्द असा वापरला की जणू सगळ्या बायका एकाच पायरीवर उभ्या आहेत. तसे नाही, आणि स्त्रीवादाला हे त्याच्याच बायकांनी ठणकावून सांगितले. अमेरिकेत पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सविरुद्ध दावा लावला होता. १९६४ पर्यंत कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेच नव्हते. नंतर घेतले आणि सत्तरच्या दशकात मंदी आल्यावर सेवाज्येष्ठतेच्या नियमाने त्याच आधी घरी गेल्या. न्यायालयाने १९७६ मध्ये सांगितले की वंशभेदाची तक्रार करा किंवा लिंगभेदाची करा, दोन्ही एकत्र करून नवा वर्ग बनवता येणार नाही. कंपनीने स्त्रिया घेतल्या होत्याच, त्या गोऱ्या होत्या आणि कचेरीत होत्या. कृष्णवर्णीय घेतले होते, ते पुरुष होते आणि कारखान्यात होते. कायद्याच्या अभ्यासक किम्बर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये या निकालाची चिकित्सा करून आंतरछेदितेची, म्हणजे वंश आणि लिंग असे भेद एकमेकांत मिसळून वेगळाच अन्याय घडवतात ही संकल्पना दिली. आपल्याकडे गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याकडे लक्ष वेधले आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये त्या वादातून दलित स्त्रीवादी भूमिका मांडली. 'सर्व स्त्रिया बळी' म्हणणारी सवर्ण स्त्री चळवळ आणि दलित म्हणजे पुरुष समजणारी दलित चळवळ, या दोहोंच्या मधून निसटणाऱ्या बाईला या भूमिकेने केंद्रस्थानी आणले. तसे पाहिले तर ही जाणीव नवी नव्हतीच. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला तेव्हा बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसल्याची गोष्ट तिने त्यात आणली होती. त्या वेळी ती जेमतेम चौदा वर्षांची होती.

वाशी किंवा ऐरोलीच्या कोणत्याही इमारतीत हा प्रश्न रोज सकाळी बेल वाजवतो. दिघ्याहून, तुर्भे स्टोअरहून आलेली बाई चार घरची धुणीभांडी उरकते, म्हणून घरातली बाई आठ-दहाची गाडी पकडू शकते. पहिलीला दिलेला पैसा दुसरीच्या पगारातून 'वजा' केला जातो. नवऱ्याच्या पगारातून का नाही, हे कुणी विचारत नाही. दोघींमध्ये घरकामाचे ओझे फिरते, घरातला पुरुष त्यातून सुखरूप बाजूला राहतो. आपण तिला मावशी म्हणतो आणि तिच्या चहाचा कप वेगळा ठेवतो. जातीचा हिशोब स्वयंपाकाच्या बाईसाठी एक आणि संडास धुणाऱ्या बाईसाठी दुसरा असतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. तुर्भ्याच्या बाजार समितीत गोणी वाहणाऱ्या माथाडी कामगाराला १९६९ च्या कायद्याने मंडळ दिले, मालकाकडून मजुरीवर लेव्ही, म्हणजे जादा आकार वसूल करण्याचा अधिकार दिला, त्यातून भविष्य निर्वाह निधी आला. घरकामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्यात नोंदणी आणि मदत यांवर भर राहिला; घरमालकाला बांधून घेणारी तशी व्यवस्था उभी राहिली नाही. माथाडी संघटित होते, हे एक कारण. दुसरे कारण असे की इथे मालक म्हणजे आपण आहोत.

मोजणीचे एकक बदलणे सरकारला अशक्य आहे, असे मात्र नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातली सर्वांत मोठी प्रौढ स्त्री कुटुंबप्रमुख ठरवली. राज्याने २०२१ पासून बाईच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना पंधराशे रुपये थेट बाईच्या खात्यात जातात. पण याच योजनेची पात्रता पाहा : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे, घरात कुणी आयकर भरणारा नको, चारचाकी नको. ज्या घरात गाडी आहे आणि बाईच्या हातात दमडी नाही, ती बाई या व्याख्येत सुखवस्तू आहे. सरकारी तिजोरीला कुठेतरी रेषा आखावी लागते, हे मला मान्य आहे; रेषा आखताना आधार पुन्हा कुटुंबाचाच घेतला, एवढेच दाखवते.

येत्या २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार आहे. तिच्यावर वाद पुष्कळ आहेत, त्यांत मी शिरत नाही. माझी मागणी तांत्रिक आहे. जातनिहाय शिक्षण आणि रोजगाराचे तक्ते स्त्री-पुरुष वेगळे करून प्रसिद्ध व्हावेत, आणि गावपातळीपर्यंत व्हावेत. आणि तुमच्या दाराशी प्रगणक येईल तेव्हा बाईच्या कामाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर बाईनेच द्यावे. 'ती काही करत नाही, घरीच असते' हे उत्तर बैठकीच्या खोलीतून पुरुषाने दिले की, दिवसाची ती २८९ मिनिटे देशाच्या नोंदीतून तिथल्या तिथे पुसली जातात.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी एक इथे घेतला आहे. एका श्रोत्याने विचारले : बहिणीच्या लग्नात हुंडा दिला, खर्च केला, तो तिचा हिस्साच नव्हता का?)

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि अनेक घरांत तो मनात असतो, म्हणून विचारल्याबद्दल आभार. हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. तो दिला हे सांगून हिस्सा वजा करता येत नाही. त्याच कायद्याच्या सहाव्या कलमानुसार हुंडा दुसऱ्या कुणी घेतला असेल तर तो ठरलेल्या मुदतीत त्या बाईलाच द्यावा लागतो, तोवर तो तिच्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळायचा असतो. तुमच्या बहिणीला तो मिळाला का? बहुतेक घरांत तो सासऱ्याच्या हाती जातो, दिराच्या लग्नात किंवा नणंदेच्या हुंड्यात खर्च होतो. म्हणजे तिच्या नावाने पैसा एका पुरुषाकडून दुसऱ्या पुरुषाकडे गेला. आणि लग्नाचा खर्च धरायचाच असेल, तर तुमच्या लग्नाचा, तुमच्या इंजिनिअरिंगच्या फीचा आणि दुकानाला वडिलांनी दिलेल्या भांडवलाचा खर्चही त्याच वहीत लिहा, मग हिस्से काढा.